नॅनो पातळीवरच्या उष्णतेचा अभ्यास करून कोकणात परत आलं, तर त्याचा उपयोग होईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: रत्नागिरीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक गँग चेन यांच्या संशोधनाबद्दल वाचलंत आणि नॅनोस्तरावरचं उष्णतावहन व अक्षय ऊर्जा याच विषयात पुढे शिकावं असं वाटू लागलं. घरचे मात्र विचारतात, हे शिकून कोकणात करणार काय?

उपयोग होईल. मी याच विषयात एम.टेक. केलं आणि आता दापोली-गुहागर पट्ट्यात सोलर ड्रायर आणि छपरावरचे पॅनेल बसवतो, म्हणून खात्रीने सांगतो. फक्त 'नॅनो म्हणजे वीजनिर्मिती' असा विचार करून इथे आलात, तर हाती फारसं लागणार नाही. आपल्याकडे उष्णतेचा खरा प्रश्न पाण्याला बांधलेला आहे. हवेतलं पाणी, विहिरीतलं मचूळ पाणी, बोंबलातलं आणि आमसुलातलं पाणी. आणि चेन यांचं अलीकडचं काम नेमकं तिथेच येऊन पोचलंय.

आधी मूळ विषय. फूरिए यांनी 1822 मध्ये मांडलेला उष्णतावहनाचा नियम (तापमानातला उतार जितका तीव्र, तितकी उष्णता जास्त वाहते) आपण दुसऱ्या वर्षाला शिकतो. तो भिंतीला, बॉयलरला, इंजिनाला बरोबर लागू पडतो. पण सिलिकॉनसारख्या पदार्थात उष्णता वाहून नेतात ती अणूंच्या जाळीतली कंपनं, म्हणजे फोनॉन. खोलीच्या तापमानाला त्यातला मोठा वाटा अशा फोनॉनांचा असतो, जे काहीशे नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) ते काही मायक्रोमीटर अंतर कुठेही न धडकता कापतात. तार त्याहून बारीक केली की जत्रेतली माणसं मोकळ्या माळावरून अरुंद बोळात शिरल्यासारखी त्यांची गत होते, दर पावलाला भिंत आडवी. अखंड सिलिकॉनची औष्णिक वाहकता मीटर-केल्विनला सुमारे 148 वॅट. बर्कलीच्या संशोधकांनी 2008 मध्ये साधारण 50 नॅनोमीटर जाडीच्या, खडबडीत पृष्ठभागाच्या तारा मोजल्या, तेव्हा ती जवळजवळ शंभरपट खाली आली होती. पदार्थ तोच, आकारामुळे गुणधर्म बदलला. या विषयाची सगळी ताकद या एका गोष्टीत आहे.

त्याच वर्षी चेन आणि बॉस्टन कॉलेजचे झिफेंग रेन यांच्या गटाने बिस्मथ-अँटिमनी-टेल्युराइडची नॅनो भुकटी करून ती गरम दाबाखाली पुन्हा घट्ट केली. कणांच्या सीमांवर फोनॉन अडले, विद्युतप्रवाह मात्र बराचसा चालू राहिला. उष्णतेपासून थेट वीज करणाऱ्या पदार्थांची गुणवत्ता ज्या आकड्याने मोजतात, तो बरीच वर्षं 1 च्या आसपास अडकला होता. या पदार्थात तो 100 अंश सेल्सिअसला 1.4 झाला. त्या क्षेत्रात ही मोठी झेप होती.

आता हे आपल्याकडे आणू. उन्हवरे, तुरळ, राजवाडी इथली गरम पाण्याची कुंडं तुम्हाला माहीत असतीलच. उन्हवऱ्याचं पाणी 70 अंशांच्या आसपास धरा आणि थंड बाजू 30 अंश. कार्नोची मर्यादाच, म्हणजे उष्णतेतून जास्तीत जास्त जेवढं काम निघू शकतं तो वाटा, 12 टक्क्यांच्या आत येते, आणि 1.4 वाला पदार्थ लावूनही कागदावर जेमतेम अडीच टक्के. म्हणजे 1000 वॅट उष्णतेतून 25 वॅट वीज, तीही उष्णता पाण्यातून त्या पदार्थापर्यंत पोचवताना होणारी घट न धरता. वीज करायच्या भानगडीत न पडता कुंडातून वाहून जाणाऱ्या पाण्याची ऊब सरळ ड्रायरला दिली, तर श्रावणातही मासळी वाळवता येईल. मी तरी तेच करीन.

कडक उन्हातही हवेपेक्षा थंड राहणाऱ्या छपराबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. 2014 मध्ये स्टॅनफर्डच्या शानहुई फान यांच्या गटाने असा पातळ थरांचा पृष्ठभाग दाखवला. तो सूर्यप्रकाशाचा 97 टक्के भाग परतवतो आणि स्वतःची उष्णता 8 ते 13 मायक्रोमीटरच्या लहरींतून बाहेर टाकतो. त्या लहरींना वातावरण बरंचसं पारदर्शक असल्यामुळे उष्णता थेट अवकाशात जाते. भर उन्हात तो हवेपेक्षा जवळपास 5 अंशांनी थंड राहिला. कोकणात अडचण अशी की वातावरणातली ही पारदर्शक खिडकीच हवेतली पाण्याची वाफ झाकते. मे महिन्यात खारा वारा सुटलेला असताना ती अर्धवट बंद असते, आणि पावसाळ्यात ढगांमुळे जवळजवळ पूर्णच. हे समजायला प्रयोगशाळाही लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत मतलई वारा सुटतो, आकाश निरभ्र असतं, तेव्हाच पहाटे आंब्याच्या मोहोरावर दव साठतं आणि पत्र्यावरून ठिबकतं. ढगाळ रात्रीनंतर नाही. पत्रा आकाशाला उष्णता देऊन हवेपेक्षा थंड झाला, म्हणून दव पडलं. परदेशातल्या कोरड्या हवेतले आकडे घेऊन कोणी तुम्हाला असा रंग विकायला आला, तर आधी त्याला आपल्या मे महिन्याचे आकडे विचारा. ते आकडे मोजून काढणं हाच एक चांगला पीएच.डी.चा विषय आहे.

आता बाष्पीभवन. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर लागतात, किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. त्याच महिन्यांत ऊन मात्र भरपूर. चेन यांच्या गटाने 2014 मध्ये कार्बन फोमवर ग्रॅफाइटचा सच्छिद्र थर देऊन तो पाण्यावर तरंगवला. सगळं पाणी तापवण्याऐवजी फक्त वरचा पातळ थर तापतो आणि खालचा फोम उष्णता खाली जाऊ देत नाही. 2016 मध्ये त्यांनी सामान पॅक करायला वापरतात तो फुग्यांचा प्लास्टिक कागद वरून लावला आणि आरसे-भिंगं न वापरता, साध्या उन्हात 100 अंशांची वाफ काढली. स्वस्तातल्या वस्तूंतून उष्णतेची गळती बंद करण्याची ही हुशारी मला फार आवडते.

मर्यादा मात्र सुप्त उष्म्याची, म्हणजे पाण्याची वाफ करायला लागणाऱ्या उष्णतेची आहे. चौरस मीटरवर 1000 वॅट ऊन धरलं, तर तासाला दीड लिटरच्या वर पाणी उडू शकत नाही. दिवसाला चांगलं ऊन सहा तास म्हणजे नऊ लिटर, आणि प्रत्यक्षात बरंच कमी. एका घराच्या पिण्याच्या पाण्यालाही ते अपुरं पडतं. यावर एक तोड म्हणजे वाफ थंड होताना सुटणारी उष्णता पुढच्या थराला देणं. एमआयटीच्याच एव्हलिन वांग यांच्या गटाने 2020 मध्ये असे दहा थर लावून चौरस मीटरला तासाला 5.78 लिटर पाणी मिळवलं. सागरी किनाऱ्यावर हे टिकवायचं तर साचणारं मीठ, शेवाळ आणि गंज यांच्याशी गाठ आहे. तिथे काम करायला माणसं हवी आहेत, आणि खारं पाणी ज्यांच्या दाराशी आहे त्यांनी ते करावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण. गेल्या काही वर्षांत हायड्रोजेलवर, म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणाऱ्या जेलीसारख्या पदार्थावर, बाष्पीभवन या उष्म्याच्या मर्यादेच्या दोन-तीनपट होताना मोजलं गेलं. चेन आणि याओडाँग तू यांनी 2023 मध्ये त्याचं कारण मांडलं: प्रकाश पाण्याला न तापवता पृष्ठभागावरून रेणूंचे पुंजके थेट उडवतो. हा परिणाम हिरव्या प्रकाशात सगळ्यात जास्त दिसतो, आणि पाणी तर हिरवा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. किरण 45 अंशांत पडले की तो आणखी वाढतो. यावर वाद अजून चालू आहे आणि तो चालू राहायला हवा. पण हे खरं ठरलं तर वाळवणाचं गणितच बदलेल. आज माझा ड्रायर एवढंच करतो: 30 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा 45 अंशांवर नेतो, की आर्द्रता 35 टक्क्यांवर येते आणि सुकट, आमसुलं, आंबापोळी सुकू लागतात. उद्या वरच्या काचेचा रंग आणि तिचा कोन यांनीही फरक पडणार असेल, तर तो सर्वांत आधी आपल्या दमट हवेत तपासला जावा.

पॅनेलबद्दल एवढंच, की सिलिकॉनचं पॅनेल 25 अंशांच्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.4 टक्का वीज गमावतं. 60 अंशांवर 14 टक्के गेली. खाली हवा खेळती ठेवा; त्यासाठी नॅनो काही लागत नाही.

शिकायचं ठरलं तर गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) द्या आणि आयआयटी मुंबईचा ऊर्जा विज्ञान विभाग नक्की बघा. मेकॅनिकलच्या मुलांना अडतं ते सांख्यिकीय भौतिकी आणि घनपदार्थांचं भौतिकशास्त्र, त्यामुळे ते सुट्टीतच सुरू करा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मात्र मिठाच्या पाण्यावर तरंगणाऱ्या काळ्या फोमचा घ्या. वजनकाटा, दोन थर्मोकपल आणि आर्द्रतामापक एवढ्यावर तो होतो. दिवाळीनंतर लगेच उपकरण उभं करा, कारण मे अखेरीस आभाळ भरून आलं की उन्हाची मोजमापं मिळत नाहीत.