वाचकांचे प्रश्न : चांदीचे कण आणि प्रतिजैविके

प्रश्न : यंत्रमागावर काम करणाऱ्या माझ्या वडिलांच्या पायाची जखम मधुमेहामुळे चिघळली आहे. प्रतिजैविकांसोबत चांदीचे नॅनोकण दिल्यास उपयोग होईल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : प्रयोगशाळेत तसा परिणाम दिसतो. १ ते १०० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) या कणांतून सुटणारे चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) जिवाणूचे पटल कमकुवत करतात आणि एरवी बाहेरच अडणारे औषध आत शिरते; २०१३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी अशा आयनांच्या साथीने व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक ई. कोलाय या जिवाणूवर, उंदरांमध्येही, परिणामकारक ठरवले. मात्र बाजारातले ‘चांदीचे पाणी’ वडिलांना कृपया पाजू नका, कारण चांदी अंगात साठून त्वचा कायमची निळसर-राखाडी होऊ शकते. जखमेतील स्रावाची कल्चर तपासणी (त्यात कोणते जिवाणू आहेत ते पाहणारी) आधी करून घ्या. चांदीयुक्त ड्रेसिंगचा निर्णय डॉक्टरांनी जखम पाहूनच घ्यावा.