रुंद रिमवर टायर ताणताना

भावा, रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायची हौस चांगली आहे, पण पहिल्याच झटक्यात ९ इंच रुंदीची रिम घेऊ नकोस. २०५/५५ आर १६ टायरला (२०५ मिमी रुंद, १६ इंच व्यासाच्या रिमचा) साडेपाच ते साडेसात इंच रुंदीची रिम चालते. सुरुवात साडेसातवरच कर.

पंक्चरवाला स्प्रे मारून, आग लावून टायर बसवतो म्हणाला, तर गाडी काढ नि निघ. साबणाचं पाणी आणि कॉम्प्रेसर, बास. हवा ४० पीएसआयच्या वर नको. बसला नाही तर हवा सोडून परत साबण लाव.

मग बोट फिरवून बघ: रिमलगतची बारीक रेघ सगळीकडून सारख्याच अंतरावर हवी.

नवीन पोरं हवा कमी ठेवतात. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वर घाटाच्या वळणावर टायर रिमवरून सुटला, तर गाडी हातात राहत नाही. कासला जायच्या आधी गार टायरची हवा तपासच.