हॅश लावला आणि रंगच गायब!

प्रश्न: पायथनमधे छोटं ॲप केलंय, रंग यामल फाईलमधून (सेटिंग्ज लिहायची साधी टेक्स्ट फाईल) घेतो. फाईलमधे बॅकग्राउंडसमोर #एफएफ८८०० लिहिलंय तरी व्हॅल्यू नन (None, म्हणजे रिकामी) येते आणि स्क्रीन काळीच दिसते. काय चुकतंय?

उत्तर: अहो, तुमचा कोड बरोबर असणार, घोळ त्या हॅशचा आहे. यामलमधे स्पेसनंतर # आला की पुढचं सगळं कॉमेंट (प्रोग्रॅम वाचत नाही अशी टीप), म्हणजे तुमचा भगवा रंग कोणी वाचलाच नाही! कोट्समधे टाका, झालं काम. आणि हॅश काढून नुसतं ००११२२ लिहायची आयडिया करू नका हं, पायवायएमएल (पायथनमधे यामल वाचणारी लायब्ररी) त्याला ऑक्टल म्हणजे आठच्या पायातला आकडा समजून ५९४ हातात देतं, मी स्वतः यात अख्खी संध्याकाळ घालवलीय.

वाचल्यावर आधी ती स्ट्रिंग आहे का बघा, मग रेजेक्सने (मजकुराचा साचा तपासायची पद्धत) हॅशनंतर ३ किंवा ६ हेक्स अक्षरं (० ते ९, ए ते एफ) आहेत का तपासा, आणि री.मॅच नको, री.फुलमॅच वापरा, नाहीतर शेवटी चिकटलेला कचरापण पास होतो. ८ अक्षरं चालवणार असाल तर सीएसएसमधे (वेबपेज सजवायची भाषा) अल्फा, म्हणजे पारदर्शकतेची दोन अक्षरं, शेवटी असतो, अँड्रॉइडमधे सुरुवातीला, तेवढं ठरवून घ्या. चुकीचा रंग आला तर गुपचूप काळा लावू नका, फाईलमधल्या कुठल्या नावासमोर (की, key) काय सापडलं ते एररमधे छापा.