ड्युटीची टॉर्च घेताना ल्युमेनच्या आकड्याला भुलू नका

प्रश्न : मी पोलिसात आहे, नाईट ड्युटी बरीच असते. रिचार्जेबल टॉर्च घ्यायचीय. एकीच्या खोक्यावर २०,००० ल्युमेन लिहिलंय, दुसरीवर १,०००, आणि दोन्ही हातात मावतील एवढ्याच. मोठ्या आकड्याची घेऊ का? आणि एका चार्जिंगमध्ये रात्र निघेल ना?

उत्तर : ते २०,००० आधी डोक्यातून काढून टाका, एका सेलवर चालणाऱ्या तेवढ्याशा टॉर्चमधून तेवढा उजेड निघूच शकत नाही. हिशोब करून बघा. २१७०० नावाचा जो जाडा सेल येतो (२१ मिमी जाड, ७० मिमी लांब) तो ५,००० एमएएचचा धरला तर त्यात साधारण १८ वॉट-अवर एनर्जी असते, आणि एलईडी एका वॉटमागे ढोबळमानाने १०० ल्युमेन देते असं धरा. म्हणजे अख्खा सेल संपेपर्यंत १,८०० ल्युमेन एक तास, किंवा सलग ८ तास पेटवली तर सव्वादोनशेच्या आसपास, झालं. २०,००० साठी त्याच सेलमधून २०० वॉट ओढावे लागतील, म्हणजे ५० अँपिअरच्याही वर, आणि ते काही त्याला झेपणारं नाही.

१,००० वाली खरी असू शकते, पण तिथेही नीट वाचा. टॉर्चसाठी एएनएसआय एफएल १ म्हणून एक स्टँडर्ड आहे, त्यात ल्युमेन मोजतात टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी आणि रनटाइम मोजतात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे खोक्यावर "५ तास" असेल तर ते ५ तास १,००० ल्युमेन असं नसतं, बऱ्याच टॉर्च गरम झाल्या की काही मिनिटांतच स्वतःहून उजेड कमी करतात आणि पुढचा सगळा वेळ त्या कमी उजेडावर काढतात, शेवटी १०० वर आली तरी रनटाइम चालूच. म्हणून रनटाइमचा ग्राफ दिलाय का बघा. माझ्या मते ड्युटीची टॉर्च शिफ्टच्या शेवटच्या तासाचा विचार करून घ्यायची, कारण पहिल्या मिनिटाला सगळ्याच झकास दिसतात, आणि पहाटे चारला अंधाऱ्या गल्लीत शिरायची वेळ आली तर हातात काय उरलंय तेच कामाचं.

दुसरा बघायचा आकडा म्हणजे कँडेला. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड, कँडेला म्हणजे झोत किती एकवटलाय ते. १०,००० कँडेलाचा झोत स्टँडर्डप्रमाणे २०० मीटर जातो, पण तिथे उरतो तो पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड, माणूस ओळखायला त्याच्या बरंच अलीकडे यावं लागतं. आणि अंतर दुप्पट हवं तर कँडेला चौपट लागतात. गस्तीला नुसता लांब जाणारा बारीक झोतही नको, बाजूला काय आहे तेही दिसायला पाहिजे.

आता स्विच, ज्याकडे बहुतेक जण घेताना बघतच नाहीत. मागच्या टोकाला अंगठ्याखाली येणारा हवा, अर्धवट दाबला की पेटणारा, सोडला की विझणारा, आणि ग्लोव्हज घालूनही सापडणारा. ज्यात उजेड कमी-जास्त करताना मधेच स्ट्रोब (भराभर उघडझाप होणारा झोत) येतो ती घेऊच नका, गडबडीत नको तेव्हा लाईट फडफडायला लागली तर समोरच्यापेक्षा तुमचाच गोंधळ जास्त होतो. स्ट्रोब हवाच असेल तर वेगळ्या बटणावर. आणि ज्या हातात टॉर्च धरणार त्याच हाताने लावून बघा, दुसरा हात मोकळा राहायला हवा.

कमी उजेडाचा मोड पण तितकाच महत्त्वाचा. नंबरप्लेटवर पूर्ण झोत मारून बघा, प्लेटचं रिफ्लेक्टिव्ह शीट सगळा उजेड थेट तुमच्याच डोळ्यात फेकतं आणि आकडे धुऊन निघतात, तेच १०० ल्युमेनवर किंवा झोताच्या कडेने नीट वाचता येतात. गाडीच्या काचेचंही तेच, समोरून मारला की नुसती चमक, जरा तिरका धरला की आतलं दिसतं. लायसन्स वाचायला तर ५-१० ल्युमेन पुष्कळ, कारण एकदा डोळे दिपले की अंधाराला पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं जातात. जमलं तर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या आसपासची बघा, उजेड थोडा कमी मिळतो पण कपड्याचा रंग काळा की गडद निळा हे कळतं, आणि वर्णन लिहून घेताना त्यानेच फरक पडतो.

राहिला रात्र निघण्याचा प्रश्न. गरजेपुरती लावली-बंद केली तर निघते, पण सेल काढून बदलता येईल अशीच घ्या. आत सील केलेली बॅटरी काही वर्षांनी दमली की अख्खी टॉर्च बाद. खिशात भरलेला जादा सेल असला की मिनिटभरात काम, चार्जिंगला टाईप-सी आहेच.

प्रश्न : वडील पोलिसात आहेत. टॉर्चचा जादा सेल ते किल्ल्यांसोबत तसाच खिशात ठेवतात, वरचं प्लास्टिक पण थोडं फाटलंय. चालेल का?

उत्तर : अजिबात नाही, आजच बंद करायला सांगा. लिथियम सेलचा बाहेरचा अख्खा डबा म्हणजे मायनस, अगदी वरच्या कडेपर्यंत, आणि प्लसचं टोक त्याच्या मधोमध, दोघांत जेमतेम काही मिलीमीटर अंतर. मधे असतं ते पातळ प्लास्टिक आणि एक इन्सुलेटरची चकती. ते फाटलं आणि किल्ली आडवी टेकली की शॉर्ट, सेल तापतो, पेटूही शकतो, आणि तो असतो खिशात. फाटलेला सेल वापरातून काढा, उघड्या टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात नको. नवा घेताना प्रोटेक्टेड, म्हणजे शॉर्टपासून वाचवणारं छोटं सर्किट असलेला घ्या, पण तो थोडा लांब असतो, टॉर्चमध्ये बसतो का आधी बघा. १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) सेलवर ९,९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर सरळ खोटं समजा, चांगला सेलही साधारण ३,५०० पर्यंतच जातो. आणि सेल ठेवायला प्लास्टिकची डबी द्या.

प्रश्न : पावसातल्या बंदोबस्तासाठी वॉटरप्रूफ म्हणजे नक्की काय बघू?

उत्तर : खोक्यावर आयपीएक्स ७ हे पाणी रोखण्याचं रेटिंग असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, पावसाला भरपूर झालं. पण चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसलं तरच, घेताना ते चार वेळा उघडझाप करून बघा, आणि भोक ओलं असताना चार्जिंगला लावू नका.