घरी डेस्कटॉप जोडताना मदरबोर्ड कसा निवडावा? बी६५० घ्यावा की स्वस्तातला एच६१०?

एएमडीच्या रायझन ५ ७६०० या प्रोसेसरसोबत बी६५० मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) घ्यावा, की इंटेलच्या आय५ १२४०० प्रोसेसरसोबत एच६१० बोर्ड घेऊन पैसे वाचवावेत, असे आपण विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी ‘बोर्ड काय, कुठलाही चालतो ना?’ असेही आपण म्हटले आहे. हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहे, की उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रायझन ५ ३६०० आणि बी४५० बोर्ड आणला. दोन्हींचे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा, एएम४, म्हणून मी निर्धास्त होतो. रात्री सगळे जोडून बटण दाबले, पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला आणि बोर्डावर ‘सीपीयू’ या अक्षरांशेजारचा बारीक लाल दिवा काही विझेना. प्रोसेसर जुलैमध्ये बाजारात आलेला आणि बोर्डातला बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डातलीच आज्ञावली) त्याआधीचा, त्यामुळे त्याला हा प्रोसेसर ओळखताच येत नव्हता. खोक्यावर ‘रायझन ३००० डेस्कटॉप रेडी’ असे स्टिकर आहे का, हे मी पाहिले नव्हते आणि दुकानदारानेही सांगितले नाही. दादाने मात्र त्याच रात्री निकाल दिला, की घरी जोडण्याच्या हट्टापायी मी प्रोसेसर जाळला.

चौथ्या दिवशी एका सहकाऱ्याने स्वतःच्या संगणकातला, जुन्या बायोसलाही ओळखता येणारा रायझन ५ २६०० काढून दिला. एएम४च्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर सरळ उचलला तर दोघांमधल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो, म्हणून त्याने आधी संगणक तापू दिला आणि मग कूलर हलकेच पिळत सोडवला. तो प्रोसेसर बसवून पेनड्राइव्हवरून बायोस अद्ययावत केला, माझा परत लावला आणि संगणक सुरू झाला. २०२२मध्ये त्याच बोर्डावर मी रायझन ५ ५६०० बसवला.

म्हणून माझे स्पष्ट मत बी६५०च्या बाजूने आहे. एच६१०चे एलजीए१७०० सॉकेट इंटेलच्या चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांपाशी संपले, तर बी६५०च्या एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. रोषणाईवर पैसे घालवू नका. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचे बटण आहे का आणि व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, उष्णता शोषणारा धातूचा हीटसिंक आहे का, हे पाहा. २०२४मध्ये रायझन ९००० आल्यावर जुन्या बी६५० बोर्डांनाही नवा बायोस लागला, आणि हे बटण असले की तो प्रोसेसर न बसवताही भरता येतो.

मात्र एएम५ला डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅमच लागते. आपल्याकडे आधीच्या डीडीआर४ रॅमच्या पट्ट्या पडून असतील, काम कार्यालयीन असेल आणि प्रोसेसर पुढे बदलायचा नसेल, तर डीडीआर४चा एच६१० पुरेसा आहे.

घरी जोडण्याची भीती कोणी घातली, तर एवढे सांगावे: दादाने २०१९मध्येच घेतलेल्या तयार डेस्कटॉपमधला बोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचा होता, आणि २०२३मध्ये पॉवर सप्लाय गेला तेव्हा बाजारातला नेहमीचा २४ पिनांचा सप्लाय त्याला बसला नाही.