लीड्समध्ये ऑटिस्टिक मुलासाठी खासगी खोली शोधताना

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा बावीस वर्षांचा, ऑटिस्टिक, पुण्यात घरी राहूनच इंजिनिअरिंग केलं, आता सप्टेंबरपासून लीड्सला एमएस्सी. युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलचा अर्ज उशिरा गेला, म्हणून खासगी स्टुडंट बिल्डिंग बघताय. स्टुडिओ घ्यावा की शेअरिंग, आणि ऑटिझमचं सांगावं की गप्प राहावं, असं तुम्ही विचारलंय. मी लीड्समध्ये सतरा वर्षं राहते. माझा भाचा सांगलीहून इथे शिकायला आला, तोही ऑटिस्टिक. त्याची खोली मीच शोधली होती आणि पहिली खोली साफ चुकली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर अजून काट मारू नका. मुदत गेली असली तरी युनिव्हर्सिटीच्या डिसॅबिलिटी सर्व्हिसला, म्हणजे अपंग विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या विभागाला, आजच मेल करा आणि अपंगत्वामुळे विशिष्ट प्रकारची खोली लागते असं स्पष्ट लिहा. अशा अर्जांचा विचार वेगळा होतो. जागा मिळाली तर उत्तमच, कारण तिथे घरमालक आणि शिक्षणसंस्था एकच असते. शिवाय व्हिसासाठी खात्यात जे पैसे दाखवावे लागतात, त्यातून युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलला आधी भरलेली रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत वजा धरतात. खासगी बिल्डिंगला भरलेली धरत नाहीत. आमच्याकडे हे ऐनवेळी कळलं आणि मेहुण्यांची धावपळ झाली.

आता भाच्याचं सांगते. शहराच्या मध्यात अरीना या कार्यक्रमांच्या मोठ्या सभागृहाच्या आजूबाजूला विद्यार्थ्यांसाठी बांधलेले उंच टॉवर आहेत, त्यातल्या एका नव्याकोऱ्या टॉवरमध्ये आम्ही खोली घेतली. जिम, सिनेमा बघायची खोली, गच्चीवर बसायची जागा. फोटो बघून आम्हीच भाळलो. सहा जणांचा फ्लॅट, प्रत्येकाला बाथरूमसह स्वतंत्र खोली आणि स्वयंपाकघर सगळ्यांत एक. फोनवर तो रोज ‘ठीक आहे’ म्हणायचा. तिसऱ्या आठवड्यात मी डबा घेऊन गेले तर टेबलाखाली खाकऱ्याची रिकामी पाकिटं, आणि आईने दिलेला भडंगाचा मोठा डबा तळाला गेलेला. एकोणीस दिवस तो स्वयंपाकघरात गेलाच नव्हता. आत कोण असेल, कोण काय विचारेल, फ्रिजमधला आपला कप्पा कोणता, हे काहीच ठरलेलं नव्हतं, आणि मांस भाजल्याचा वास त्याला सहन होत नव्हता. त्याची खोली नेमकी स्वयंपाकघराला लागून. इथल्या बिल्डिंगमधली आतली दारं आगीपासून बचावाची असतात, जड, आपोआप बंद होणारी. त्याने वहीच्या मागच्या पानावर पाच-पाचच्या गठ्ठ्यांत रेघा मारून ठेवल्या होत्या. एका रात्री अकरा ते दोनमध्ये स्वयंपाकघराचं दार चौऱ्याहत्तर वेळा आपटलं होतं. ते पान अजून माझ्याकडे आहे.

दार काढता येत नाही हे मान्य, ते सुरक्षेसाठीच आहे. पण दाराच्या वरचा झडपेचा स्क्रू फिरवला की ते हळू मिटतं, पाच मिनिटांचं काम. ते काम व्हायला दोन महिने गेले, कारण बिल्डिंगच्या ऑफिसला तो ऑटिस्टिक आहे हे ठाऊकच नव्हतं. आम्ही युनिव्हर्सिटीच्या फॉर्मवर सगळं लिहिलं होतं आणि निवांत बसलो होतो. खासगी बिल्डिंगवाल्याचा युनिव्हर्सिटीशी तसा काही संबंध नसतो, आणि तुमच्या मुलाची माहिती युनिव्हर्सिटी त्याच्या परवानगीशिवाय बाहेर देऊही शकत नाही. तेव्हा सांगावं की गप्प राहावं याचं माझं उत्तर असं: दोन्हीकडे सांगा, वेगवेगळं सांगा, लेखी सांगा आणि सही करण्याआधी सांगा.

घाबरू नका. इथे २०१०चा समानता कायदा आहे. अपंगत्व असलेल्या माणसासाठी ‘रीझनेबल ॲडजस्टमेंट’ म्हणजे वाजवी फेरबदल करणं शिक्षणसंस्थेवर आणि घर भाड्याने देणाऱ्यावरही बंधनकारक आहे, आणि त्याचा खर्च त्या माणसाकडून घेता येत नाही. घरमालकाला भिंती पाडाव्या लागत नाहीत, पण नियम, पद्धती आणि छोट्या वस्तू यांत बदल मागता येतो. मात्र मागितल्याशिवाय कोणी विचारायला येत नाही. आणि ‘माझा मुलगा संवेदनशील आहे, काळजी घ्या’ असं लिहून काहीही होत नाही. नेमकं मागावं लागतं. आम्ही दुसऱ्या वेळी जे मागितलं ते असं: मजल्याच्या टोकाची खोली, लिफ्ट, कचऱ्याची खोली आणि लाँड्रीपासून लांब. दाराची गती कमी केलेली. खोली तपासायला येणार असतील तर आदल्या दिवशी ईमेल, आणि त्यात दिवसाबरोबर वेळही. कुठलीही अडचण आली तर कोणाला लिहायचं त्या एका माणसाचं नाव. सगळं मिळालं, एक पैसा जास्त न देता.

मेल मुलाच्या नावाने, मुलाच्याच पत्त्यावरून जाऊ द्या. तो सज्ञान आहे आणि करार त्याचा आहे, आईला ते उत्तर देणार नाहीत. तुम्हाला मध्ये बोलायचं असेल तर ‘माझ्या आईशी बोलायला माझी संमती आहे’ असं त्याने एकदा लेखी कळवून ठेवावं. आणि मेलमध्ये काय जावं हे त्याच्याशी बसून ठरवा. माझ्या भाच्याला ‘स्वमग्न’ हा शब्द आवडत नाही, तो स्वतःला ऑटिस्टिक म्हणवतो. बहिणीने परस्पर लिहिलेल्या पहिल्या मसुद्यावर तो दोन दिवस बोलला नव्हता.

कागदपत्रांत यूडीआयडी कार्ड (आपल्याकडचं अपंगत्वाचं ओळखपत्र) आणि सर्टिफिकेट असू द्या, पण त्यावर विसंबू नका. आपल्याकडे २०१६च्या कायद्यात ऑटिझम आलेला आहे, पण त्यावरची अपंगत्वाची टक्केवारी वाचून इथल्या माणसाला काही उलगडत नाही. तुमच्या डॉक्टरांकडून किंवा सायकॉलॉजिस्टकडून इंग्रजीत एक पानाचं पत्र घ्या. त्यात निदानाबरोबर रोजच्या जगण्यात काय अडतं ते हवं: अचानक मोठा आवाज झाला तर काय होतं, झोप कशी आहे, अनोळखी माणूस खोलीत आला तर काय होतं. तेच पत्र दोन्हीकडे चालतं.

स्टुडिओ की शेअरिंग? स्टुडिओ म्हणजे खोलीतच छोटी शेगडी, फ्रिज, सिंक. भाचा जानेवारीत लीड्समधल्याच हाईड पार्क या भागाच्या कडेला एका छोट्या बिल्डिंगमधल्या स्टुडिओत गेला आणि महिन्याभरात वरण-भात करायला लागला. ज्याला वास, आवाज आणि अचानक समोर येणारी माणसं यांचा त्रास होतो, त्याने पैसे असतील तर स्टुडिओ घ्यावा हे माझं ठाम मत आहे. बाथरूमवाली शेअरिंगची खोली आठवड्याला साधारण १६० ते २०० पौंड, स्टुडिओ २२० ते ३००. एमएस्सीचा करार बहुतेक वेळा ५१ आठवड्यांचा असतो, म्हणजे २३० पौंडांचा स्टुडिओ ११,७३० पौंडांना पडतो. वीज, पाणी, वायफाय बहुतेक त्यातच धरलेलं असतं, आणि पूर्ण वेळ विद्यार्थ्याला कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, नाही.

पण स्टुडिओचा एक धोका आहे आणि तो मी डोळ्यांनी पाहिलाय. दार लावलं की मुलगा चार-चार दिवस कोणालाच दिसत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा भेटणारा ऑटिझम मेंटर, म्हणजे ऑटिस्टिक विद्यार्थ्याला आधार देणारा मार्गदर्शक, मिळेल का, हे डिसॅबिलिटी सर्व्हिसला आत्ताच विचारा. इथल्या मुलांना त्यासाठी सरकारी भत्ता मिळतो, तो आपल्याकडून आलेल्या विद्यार्थ्यांना मिळत नाही, म्हणून युनिव्हर्सिटी स्वतःच्या पैशातून देईल का असं थेट विचारावं लागतं. दोघा-तिघांचा छोटा फ्लॅट मिळत असेल तर तोही वाईट नाही. हेडिंग्ली या भागातली पाच-सहा जणांची जुनी घरं मात्र नको. ओट्ली रस्त्याने शनिवारी पोशाख करून पबमागून पब करत जाणारी टोळकी रात्रीपर्यंत चालू असतात.

आता फायर अलार्म, कारण याबद्दल आपल्याकडे कोणालाच कल्पना नसते. प्रत्येक बिल्डिंगमध्ये आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी अलार्म वाजवून बघतात. कानठळ्या बसवणारा आवाज, काही ठिकाणी सोबत लुकलुकणारा दिवा. वार आणि वेळ आधी विचारून घ्या, त्या वेळी तो हेडफोन लावून बाहेर फिरायला जाईल. याखेरीज अचानक वाजणारे अलार्म असतात, आणि त्यात आपली फोडणी पहिली. मोहरी-हिंगाचा धूर स्टुडिओत थेट डिटेक्टरखाली जातो. पुण्यातच त्याला इलेक्ट्रिक शेगडीवर, पंखा लावून, कमी तेलात, मंद आचेवर फोडणी करायची सवय लावा. शेगडी इंडक्शन आहे का तेही विचारा, साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालत नाही. आणि अलार्मच्या आवाजात त्याला हालचालच सुचत नसेल, तर ‘पर्सनल इमर्जन्सी इव्हॅक्युएशन प्लॅन’ मागा. त्या क्षणी त्याला कोण खाली आणणार, हे त्यात लिहिलेलं असतं.

याच्याशी जोडून एक घरगुती गोष्ट. उदबत्ती, मेणबत्ती, निरांजन यांना या बिल्डिंगमध्ये बंदी असते. भाचा लहानपणापासून संध्याकाळी सातला दिवा लावून शुभंकरोति म्हणतो, ते चुकलं की त्याची संध्याकाळ विस्कटते. आम्हाला हे आल्यावर कळलं. तुमच्याकडे असं काही असेल तर बॅटरीच्या पणतीची सवय दोन महिने आधीपासून घरीच लावा. शिवाय डिसेंबरात इथे पावणेचारलाच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये पहाटे पाचच्या आत उजाडतं. ‘दिवेलागण’ घड्याळावर ठरवून टाका, आणि जाड पडदे लावता येतील का ते विचारून ठेवा.

बिल्डिंग फोटोंवरून निवडू नका. बिल्डिंगच्या ऑफिसवाल्यांना व्हिडिओ कॉलवर मुलाला नेमकी तीच खोली दाखवायला सांगा, नमुन्याची नको. खिडकी उघडून आवाज ऐकवायला सांगा, बाथरूमचा दिवा लावून पंखा किती घुमतो ते ऐका. नकाशावर आजूबाजूला काय आहे ते बघा. युनिव्हर्सिटीला लागूनच लीड्स जनरल इन्फर्मरी हे मोठं हॉस्पिटल आहे, त्या बाजूच्या खोल्यांना दिवसरात्र सायरन. आणि शक्य असेल तर कोणाला तरी शुक्रवारी रात्री अकराला तिथे पाठवा. दुपारी प्रत्येक बिल्डिंग शांतच असते.

करार बारकाईने वाचा. ‘व्हिसा नाही तर पैसे परत’ असं कलम आहे का? युकेतला जामीनदार मागतात का? तसा कोणी नसेल तर हप्ते आगाऊ भरावे लागतात किंवा हाऊसिंग हँडसारख्या पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या कंपनीकडे जावं लागतं. सगळ्यात महत्त्वाचं, मध्येच सोडायचं झालं तर काय? बहुतेक करारांत स्वतःच्या जागी दुसरा विद्यार्थी आणून दिल्याशिवाय सुटका नसते. आम्ही सहा आठवडे दोन्हीकडे भाडं भरलं. अपंगत्वामुळे खोली सोसली नाही तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या खोलीत बदलून देऊ, एवढं तरी ईमेलवर लिहून घ्या. लीड्समध्ये युनिपोल ही विद्यार्थ्यांच्या घरांसाठी काम करणारी संस्था आहे. चांगल्या बिल्डिंगांसाठीची नियमावली ती चालवते. तुमची बिल्डिंग त्या नियमावलीत आहे का ते बघा.

तुम्ही सोबत येऊन महिनाभर त्याच्या खोलीत राहू म्हणालात, ते जमणार नाही. पाहुण्याला दोन-तीन रात्रींच्या वर ठेवू देत नाहीत. जवळ वेगळी जागा घ्या. आणि फ्रेशर्स वीकच्या, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या आठवड्याच्या, गोंगाटाआधी आठ-दहा दिवस त्याला खोलीत शिरता येईल का, हे मागण्यांच्या यादीत घालाच. व्हिसावर कोर्सच्या एक महिना आधी येता येतं. रिकाम्या बिल्डिंगमध्ये त्याला लिफ्ट, लाँड्रीचं ॲप, दुकान, वर्गाचा रस्ता सगळं एकदा करून बघू द्या.

तुम्ही निवडलेल्या दोन बिल्डिंगची नावं मला खासगीत कळवा. या शुक्रवारी मी मोकळी आहे. रात्री अकरा ते बारा दोन्हीकडे उभी राहून आवाज रेकॉर्ड करून पाठवते, हेडफोन लावून त्यालाच ऐकू द्या.