वाचकांचे प्रश्न : किल्का कुठे गेला?

प्रश्न : कॅस्पियन समुद्र चारी बाजूंनी बंद. मग अमेरिकेच्या किनाऱ्यावरची कंगवा-जेली (जेलीफिशसारखा दिसणारा मऊ, पारदर्शक जीव) तिथे पोचली कशी? तिनेच तिथले मासे संपवले का? (रत्नागिरी)

उत्तर : तो पूर्ण बंद नाही. १९५२पासून व्होल्गा-डॉन कालव्याने तो अझोव्ह आणि काळ्या समुद्राला जोडलेला आहे. कालव्याचं पाणी गोडं, त्यातून समुद्री जीव पोहत येणं अवघड. पण रिकामं जहाज तोल राखायला टाक्यांत समुद्राचं पाणी भरतं. ते खारंच राहतं आणि माल चढवताना बाहेर सोडलं जातं. नेमिऑप्सिस नावाची ही जेली १९८०च्या दशकात काळ्या समुद्रात आली, १९९९मध्ये कॅस्पियनमध्ये दिसली. नर-मादी एकाच देहात, दिवसाला हजारो अंडी. एक जीव उतरला तरी पुरे.

मासळीची अंडी-पिलं ती खाते, पण खरा डल्ला मारते किल्काच्या खाण्यावर. तारलीच्या गोत्रातला हा छोटा मासा ज्या सूक्ष्म प्राण्यांवर जगतो, तेच ती फस्त करते. इराणची किल्काची पकड १९९९मध्ये सुमारे ९५ हजार टन होती. २००३पर्यंत ती वीस हजारांच्या खाली आली. अर्थात सगळं खापर जेलीवर फोडणं बोटवाल्यांच्या सोयीचं आहे. किल्का रात्री पाण्यात दिवे सोडून, शंकूसारख्या जाळ्याने किंवा पंपाने उपसून धरतात, आणि तो उपसा आधीपासूनच जोरात होता. (कोकणातल्या एलईडी मासेमारीचं भांडण आठवा.)

प्रश्न : काळ्या समुद्रात या जेलीला खाणारा जीव आला म्हणतात. तोच कॅस्पियनमध्ये सोडला तर?

उत्तर : तो बेरोए. १९९७मध्ये आपणहून आला, फक्त कंगवा-जेल्याच खातो, आणि तिथे गुण आलाही. अडचण मिठाची. काळ्या समुद्रात लिटरमागे १७-१८ ग्रॅम क्षार, कॅस्पियनच्या मध्य-दक्षिण भागात १२-१३. इतक्या सौम्य पाण्यात बेरोएची वीण मंदावते. शिवाय सोडलेला जीव परत गोळा करता येत नाही.

प्रश्न : जहाजाने वाटेत पाणी बदललं तर भागेल?

उत्तर : २०२४पर्यंतच्या नियमानुसार ही अदलाबदल शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांवर आणि किमान २०० मीटर खोलीवर करायची असे. काळ्या समुद्रातून कालव्याने येताना अशी जागाच लागत नाही. त्यामुळे जहाजावरच पाणी गाळून मग अतिनील किरणांखालून काढणारं यंत्र हवं. पाणी गढूळ असलं की गाळणी तुंबते आणि किरणही आत पोचत नाहीत, आणि नदीच्या मुखाशी भरलेलं पाणी गढूळच असतं.